वहिनींचा लाल खण आणि राजोडीची लाट

चंदनसार, विरार (पूर्व)
मंगळवार, १० ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप दादांस,

जितेंद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमची तब्येत, गाय आणि कापणीला आलेला भात यांची खुशाली कळवावी. रविवारी तुम्ही विळ्यांना धार लावायला गेला होतात आणि दुकानाबाहेरून कुत्र्याने तुमची एक चप्पल पळवली, असं वहिनींनी काल फोनवर सांगितलं. फार वाईट वाटलं. (कुत्र्याने एकच का नेली, यावर आमची सुरुची कालपासून विचार करते आहे.) पायाला काही लागलं नसेल अशी आशा आहे.

हे सगळं फोनवरच विचारलं असतं. पण गणपतीपासून माझा आवाज ऐकला की तुम्ही 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवता. माझा गुन्हा मला मान्य आहे. तुमची लेक कॉलेजसाठी आमच्याकडे राहते आणि मी तिचा सख्खा काका असून तिला फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकू दिलं. समुद्राला लांबून नमस्कार करावा आणि घरी यावं, हे तुमचं म्हणणं मला ठाऊक होतं. तरी दादा, तुम्ही माझ्याशी अबोला धरलात तो मी पचवला, तिच्याशी धरलात तो मला पचत नाही. क्षितिजा तक्रार करत नाही, मुकाट जेवते. पण फोन वाजला की हातातलं टाकून बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहते, आणि 'तुझ्या बाबांचा नाही' म्हटलं की पाणी प्यायला आले होते असं सांगून परत जाते. इतकं पाणी पिणारी मुलगी मी पाहिली नाही.

तर आता जे कळवतो ते बसून वाचावे. रविवारी वहिनी गोखिवऱ्याला बारशाला गेल्या नव्हत्या. गोखिवऱ्यात कोणाला मूल झालेलं नाही. त्या आमच्याबरोबर राजोडीच्या किनाऱ्यावर होत्या, कारण तिथे लाटांवरच्या फळ्यांची स्पर्धा होती आणि आपली क्षितिजा त्यात होती. ही स्पर्धा फर्डिनंडने भरवली. (हा राजोडीचाच. गोव्याच्या हॉटेलात नोकरी करून आला, येताना दोन फळ्या घेऊन आला, आणि तेव्हापासून गावातल्या पोरापोरींना पाण्यात ढकलतो आहे. माणूस देवमाणूस आहे, पण रविवारी आमच्यामुळे त्याच्या तोंडून जे शब्द गेले त्यासाठी त्याला पुढच्या कन्फेशनला बराच वेळ लागेल.)

पहिला घोटाळा सुरुचीने आदल्या संध्याकाळीच करून ठेवला. त्या फळीवर मेणाचा थर असतो, पाय घसरू नये म्हणून. आता हे आम्हांला काय ठाऊक! सुरुचीला वाटलं, पोरीची एवढी मोठी स्पर्धा, चारचौघांत फळी अशी कळकट कशी न्यायची. तिने ती बाल्कनीत घेतली आणि गरम पाणी, साबणाचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन अशी घासली की त्यात तोंड दिसावं. सकाळी क्षितिजाने फळीवरून हात फिरवला आणि मटकन खाली बसली. रडेल असं वाटलं, पण काकूच्या गळ्यात पडून हसायलाच लागली. शेवटी वाटेत चर्चबाहेर रिक्षा थांबवून जाड मेणबत्त्या घेतल्या, आणि राजोडी येईपर्यंत आम्ही तिघं मागच्या सीटवर मांडीवर आडवी फळी घेऊन मेणबत्त्या घासत होतो. रिक्षावाल्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बहुधा घाबरला असावा.

किनाऱ्यावर वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या, ओटीचं सामान घेऊन. लेक ज्याच्या अंगाखांद्यावर खेळणार त्याची ओटी भरल्याशिवाय तिला पाण्यात सोडायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि लालभडक खण. ओटी यथासांग भरली, नारळ समुद्राने नेला. खण मात्र लाटेने दोनदा परत आणून दिला. वहिनी म्हणाल्या, प्रसाद म्हणून दिलाय. तो त्यांनी पिळला आणि वाळावा म्हणून तुमच्या जुन्या लांब दांड्याच्या छत्रीच्या टोकाला बांधला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

क्षितिजासकट चार मुली फळ्यांवर पालथ्या पडून आत गेल्या. शिट्टी झाली आणि वहिनींना राहवलं नाही. ज्या बाईने आपल्या घरात कधी आवाज चढवला नाही, ती वाळूत उभी राहून दोन्ही हातांनी छत्री नाचवत 'क्षितू, सोडू नको!' म्हणून ओरडत होती. मीही ओरडलो. सुरुचीने घरून आणलेली थाळी-पळी काढली. आणि काय आश्चर्य, आतल्या तीन मुली माना वळवून आमच्याकडे बघायला लागल्या आणि एकेक करत चक्क किनाऱ्याकडे निघाल्या. मला वाटलं, आपल्या आरड्याओरड्याने त्यांचा धीर खचला. तेवढ्यात फर्डिनंड धावत आला. 'काकू, बावटा खाली घ्या! लाल बावटा म्हंजे खेळ संपला, पान्यातून भायेर या!'

तर आमच्या वहिनींनी ओटीच्या खणाने अख्खी स्पर्धा बंद पाडली होती. फक्त क्षितिजा आत राहिली. तिने नंतर फर्डिनंडला सांगितलं की बावटा मलाही दिसला, पण त्याच्याखाली बाबांची छत्री होती, म्हणून आले नाही.

आणि नेमकी तेव्हा ती लाट आली. दादा, मला यातलं काही कळत नाही, पण आपली पोर त्या लाटेवर उभी राहिली, एवढं मला दिसलं. गुडघे वाकवून, हात पसरून, बांधावरून चालावी तशी निवांत येत होती. मग एकाएकी फळी उलटली. फळी वर आली, ती आली नाही. थाळी थांबली. वहिनींनी डोळे घट्ट मिटून घेतले. माझे पाय वाळूत रुतले ते हलेनात. (मला पोहता येतं, हे इथे मुद्दाम लिहीत नाही.) तेवढ्यात मागच्या सुरूच्या बनातून कोणी एक गृहस्थ सुसाट धावत आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी थेट छातीभर पाण्यात शिरले. मग दहा हातांवर क्षितिजाचं डोकं वर आलं. नाकातोंडातून पाणी काढत हसत होती. ते गृहस्थ तिथूनच वळले आणि आले तसे बनात दिसेनासे झाले. अशी परोपकारी माणसं जगात आहेत म्हणून बरं.

फेरी अर्थातच पुन्हा घ्यावी लागली. छत्री जप्त झाली. थाळी-पळीही. दुसऱ्या खेपेला क्षितिजा रीतसर दुसरी आली आणि अंतिम फेरीत पोचली, पण आमच्या घोळात ओहोटी लागून पाणी पार मागे गेलं. म्हणून अंतिम फेरी आता येत्या रविवारी सकाळी, तिथेच.

वहिनींना रागावू नये. सगळा दोष माझा. गायीला थोपटावे.

तुमचा धाकटा,
जितेंद्र

ता. क. चंदनसारला धार लावणारे दोन आहेत आणि तुमच्या चांदीपला घरी येऊन लावून देणारा एक. विळ्यांना धार लावायला राजोडीपर्यंत कोणी जात नाही, दादा. ओहोटीला वाळूत उजव्या पायाची एक चप्पल सापडली. अंगठा हिरव्या दोऱ्याने घरीच शिवलेला आहे. वहिनींना दाखवलेली नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांचा अजून कुत्र्यावरच विश्वास आहे.

ता. क. २. क्षितिजाला मात्र दाखवावी लागली, कारण तिलाच सापडली. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती. मग धुतली, बाल्कनीत सुकवली आणि उरलेली मेणबत्ती तळव्याला घासून ठेवली आहे, पुढच्या वेळी पाण्यात शिरताना पाय घसरू नये म्हणून. पोस्टाने पाठवू का विचारलं तर नको म्हणाली. रविवारी राजोडीला घेऊन येणार आहे. डावी तेवढी तुम्ही घालून या.