कोरी नळी

श्रीवर्धन,
१९ फेब्रुवारी

प्रिय नेत्रा,

अठ्ठावीस तारखेला तू कुठली साडी नेसून येशील, याचा मी गेले चार दिवस विचार करते आहे. पाहुण्यांसाठी शाल आणायचं काम प्राचार्यांनी माझ्याकडे दिलं आहे, आणि तुझ्या साडीशेजारी अगदी भुतासारखी दिसेल अशी शाल शोधून आणावी असा क्षुद्र बेत मी मनाशी केला होता. मग आठवलं की तुला काहीही शोभतं. आमच्या विहिरीवर धुतलेला, निळीचे डाग पडलेला एप्रनसुद्धा तुझ्या अंगावर नवा दिसायचा आणि माझा इस्त्रीचा असून चुरगळलेला. विज्ञान दिनाला आमच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन तू करणार, आणि विभागप्रमुख म्हणून तुझी ओळख करून देणार मी. पाच मिनिटांचं भाषण लिहून तयार आहे, चांगलंही झालं आहे. पण त्याआधी तुला एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्या दिवशी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणं मला जमणार नाही. सांगायला अठरा वर्षं उशीर झाला आहे, त्यामुळे एकदम विषयावर येता येत नाही. जरा वळसा घेऊ दे.

तू येणार हे कळल्यापासून आईचे गुडघे दुखायचे थांबले आहेत. माझ्यासाठी ते कधी थांबले नव्हते. आमच्या मातोश्री मधुवंतीबाई वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतः माळ्यावर चढून तुझ्यासाठी आंबोशीची बरणी काढायला निघाल्या होत्या, मी ओरडले म्हणून उतरल्या. आल्यागेल्याला ती अजून डीएनए समजावून सांगते, ठाऊक आहे ना तुला? मी दोन वर्षं कॉलेजात तेच शिकत होते. आईने विचारलं की मी म्हणायचे, तुला नाही कळायचं. आणि तू कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आल्यावर आठव्या दिवशी ओटीवर बसून तिला सांगितलंस की काकू, हा एक पिळलेला जिना आहे, प्रत्येक पायरी दोन अर्ध्यांची, ए-समोर टीच येणार आणि सी-समोर जीच, म्हणून अर्धा जिना मोडून पडला तरी उरलेल्या अर्ध्यावरून दुसरा अर्धा पुन्हा बांधता येतो. आई म्हणाली, म्हणजे साच्यावरून मोदक आणि मोदकावरून साचा. तू उडीच मारलीस. पायऱ्यांचा क्रम म्हणजे मजकूर, तो वाचून पेशी काय काय घडवते, तेही तू तिला समजावलंस. त्या दिवसापासून आमच्या घरात तव्यावरचा पहिला घावन तुझ्या ताटात पडू लागला. तू तो मोडून अर्धा मला द्यायचीस, आणि मला ते जास्तच झोंबायचं.

मी तुझा हेवा करायचे, हे तुला कळलं नसेल असं मी मानत नाही. तुझ्याइतकी बारीक नजर असलेल्या मुलीला ते दिसलं असणारच. तरी सांगते. मी बागायतदाराची मुलगी, सुपारीच्या झाडांखाली लहानाची मोठी झालेली. देवव्रत सरांनी या किनाऱ्यावरच्या जुन्या सुपारीच्या झाडांचा डीएनए तपासायचं काम काढलं तेव्हा मला वाटलं, हे तर माझ्या घरचं काम. आणि तू उरणकडची. मिठागर बंद पडल्यावर तुझे बाबा न्हावा शेवाला ट्रेलर चालवायला लागले होते, आणि सुपारीचं कोवळं पान तू आमच्या बागेत पहिल्यांदा हातात घेतलंस. पण पिपेट धरली की तुझा हात हलायचा नाही. माझ्या जेलीच्या पातळ वडीत, त्या जेलमध्ये, डीएनएचे पट्टे फरफटल्यासारखे यायचे, तुझे आखून काढल्यासारखे. सर तुझं जेल दिव्यावर धरून मला दाखवायचे आणि म्हणायचे, हात असावा तर असा. माझ्या हाताबद्दल ते काहीच बोलायचे नाहीत.

पाच गावांतली झाडं, दर झाडाचं पान, झाडावर चढणाऱ्या पाडेल्याला विनवून वरून काढलेलं. माणगावच्या जनावरांच्या दवाखान्यातून द्रवरूप नायट्रोजन मागून आणायचा, सरांच्या जीपमध्ये मांडीवर डबा धरून. मग पान त्यात गोठवून खलात कुटायचं. तुझे सहा खल होते, चिनी मातीचे, लाल रंगाने आकडे घातलेले. पाचांत पानं. सहावा कोऱ्या नळीचा. बाकीचे लोक कोरी नळी शेवटी करतात, नुसतं पाणी घालून. तू इतकी काटेकोर की तुझी कोरी नळी खलापासून सुरू व्हायची. पान सोडून सगळं तसंच करायचं, नायट्रोजन ओतायचा, रिकामाच खल घोटायचा, सगळी रसायनं घालायची. पान नाही म्हणजे डीएनए नाही, म्हणजे शेवटी जेलच्या त्या रकान्यात अंधारच दिसला पाहिजे; पट्टा दिसला तर कुठेतरी भेसळ झाली. सगळे खल भट्टीत तापवून तू चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवायचीस, आणि गुंडाळलेल्याला हात लावायचा नाही हा तुझा नियम होता. मला तो आगाऊपणा वाटायचा.

त्याच हिवाळ्यात पुण्याच्या संस्थेचं पत्र आलं. पुढच्या शिक्षणासाठी सरांनी एकीचीच शिफारस करायची होती. शुक्रवारी त्यांनी मला बोलावून सांगितलं की नेत्राचं नाव देतो आहे, तुला वाईट वाटणार नाही ना. मी नाही म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, त्या पोरीने कष्ट केलेत. मी जेवले नाही त्या दिवशी. तू गावाला गेली होतीस, रविवारी संध्याकाळी येणार होतीस.

पुढच्या गुरुवारची दुपार तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. अंधाऱ्या खोलीत आपण तिघं, सरांनी निळा दिवा लावला, आणि सगळ्या रकान्यांच्या शेवटी कोऱ्या नळीच्या रकान्यात पट्टा. फिका नाही, चांगला ठसठशीत. तू त्याच अर्काच्या आणखी तीन नळ्या रात्रीपर्यंत लावून पाहिल्यास, तिन्हींत तो आला. पानं संपली होती, नायट्रोजन संपला होता, अहवालाची तारीख चार दिवसांवर होती. सर म्हणाले, या हातांवर मी विश्वास ठेवला. ऑफिसातला कारकून म्हणाला, मिठागरातली पोर, तिला कसलं सोवळं. मी दारातच उभी होते, मी ऐकलं आणि मान वळवली. शेवटी तू एवढंच म्हणालीस, आणि घाबरून तुझी घरची बोली तोंडात आली, "माझंच कायतरी चुकलं असंल, सर." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू गेलीस. महिन्याभराने तुझ्या आईचा, सगुणामावशींचा, फोन आला होता. "बाय, पोर धड जेवत न्हाय. काय झालंय तिकडं, तुला तरी म्हाईत हाय का?" मी म्हटलं, मावशी, मला काही माहीत नाही.

पुण्याला मी गेले. दोन वर्षं राहिले, पदवी घेऊन आले, आणि तेव्हापासून इथेच शिकवते आहे. वाईट शिकवत नाही. तू मात्र वर्षभर घरी बसलीस, मग हैदराबादला एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागलीस, आणि आज तुझ्या सहीशिवाय अहवाल बाहेर जात नाही. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं, ओळख न उरलेलं माणूस कुणाचं, हे तू हाडाच्या एका कपचीवरून सांगतेस. कुठल्या तरी आईच्या लाळेशी ताडून बघतेस, कारण अर्धा मजकूर तिचाच असणार. मागच्या वर्षी तुझ्यावर आलेला लेख आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी वाचला आणि कात्रण करून दिलं. त्यात तू म्हटलं होतंस की माझ्या हातून तरुणपणी एक चूक झाली, तिने मला घडवलं, म्हणून मी एकाच्या जागी तीन कोऱ्या नळ्या ठेवते आणि मुलांनाही तेच शिकवते. ते वाचताना माझा आवाज बदलला, तर आईला वाटलं मला गहिवरून आलं.

आता शनिवारचं सांगते. तू गावाला होतीस तो शनिवार, म्हणजे सरांनी मला बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. प्रयोगशाळेत मी आणि धर्मामामा दोघंच. मामांचे सगळे दात त्याच महिन्यात काढले होते आणि कवळी यायची होती. शिपायाची नोकरी, आयुष्यभर सुपारी खाल्लेला माणूस, पार केविलवाणे झाले होते. "बाय, दोन खांडं कुटून दे ना गो. तोंडाला चवच न्हाय कशाची." आमच्या घरची सुपारी माझ्या पर्समध्ये असायचीच. घरून खलबत्ता आणायला पाऊण तास गेला असता. समोर फळीवर तुझे सहा खल होते. मी विचार केला आणि सहावा उचलला, नेत्रा. पानांच्या पाचांना हात नको, या सहाव्यात कधी काही पडतच नाही, तोच बिनमहत्त्वाचा, असं मला खरोखर वाटलं. दोन वर्षं शिकून माझी अक्कल एवढी. चांगली बारीक पूड केली, मामांनी तळहातावर घेऊन मिटक्या मारत खाल्ली. मग मी खल नळाखाली तीनदा धुतला, फडक्याने पुसला, आणि तू रागावशील म्हणून चांदीचा कागद होता तसा घडीवर घडी घालून पुन्हा गुंडाळून ठेवला. तो खल आतून खरखरीत असतो. आमची सुपारी उन्हात वाळवलेली, न शिजवलेली, म्हणजे तिच्यातला डीएनए शाबूत. कणभर राहिला असेल, आणि कणातल्या डीएनएला यंत्रात दुप्पट होण्याच्या तीस फेऱ्या दिल्या की एकाचे शंभर कोटींच्या वर होतात, हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते.

ते जाणूनबुजून केलं नव्हतं, एवढं माझं ऐक. पण गुरुवारी निळा दिवा लागला आणि तो पट्टा दिसला त्याच क्षणी मला कळलं. सर बोलत होते तेव्हा मला माहीत होतं. तू कागदावरची घडी दाखवून खल बंदच होता म्हणून शपथ घेत होतीस तेव्हाही माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. उद्या तू गेलीस. मग म्हटलं, शिफारस जाऊ दे, मग सांगू. शिफारस माझ्या नावाची गेली. पुढे सांगण्यात अर्थ नाही असं म्हणायला मी शिकले. आणि बाकीचे पाच खल स्वच्छ होते, म्हणजे तुझ्या त्या सगळ्या झाडांची उत्तरं बरोबर होती. सरांनी रद्दीत टाकलेलं ते काम बरोबर होतं. मामा गेल्या दिवाळीत गेले. नेत्राबाय अशी एकाएकी का गेली, हे ते मला अधूनमधून विचारायचे, त्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

तुला वाटेल की या जागृतीला उशिरा का होईना पश्चात्ताप झाला. खोटं कशाला लिहू, पश्चात्ताप अठरा वर्षं होता आणि त्याने माझ्याकडून एक ओळही लिहून घेतली नाही. सोमवारी तू भाषणाची चित्रं पाठवलीस, पडद्यावर नीट दिसतात का बघून ठेव म्हणून. चौथं चित्र उघडलं तर आपलं तेच जेल, कोपऱ्यात पट्टा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'माझी चूक'. पुढे लिहिलं होतंस की आज मी जी आहे ती हिच्यामुळे. ते वाचून माझा असा जळफळाट झाला की मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या. आईचा पहिला घावन तू घेतलास, सरांची शाबासकी घेतलीस, माझ्या घरच्या सुपारीचं काम घेतलंस, आणि आता माझी चूकही घेऊन तिचं असं सोनं केलंस, जे मला माझ्या कुठल्या बरोबर गोष्टीचंही करता आलं नाही. तुझे हात तेव्हाही स्वच्छ होते. अठ्ठावीसला सर पहिल्या रांगेत असतील, माझे विद्यार्थी असतील, आई असेल. त्यांच्यासमोर ते चित्र लाव, काढू नकोस, फक्त खालच्या 'माझी'च्या जागी माझं नाव घाल. माझी नोकरी, माझी अब्रू, काय व्हायचं ते होऊ दे. त्या खोलीतलं बाकी सगळं तुझं आहे, नेत्रा. हे एवढं माझं आहे, ते मला परत दे.

अजूनही तुझा हेवा करणारी, आणि तरीही तुझीच,
जागृती