बूट काढून ठेवण्याबाबत

भोकरदन,
ता. ७ ऑगस्ट २००७

राजमान्य राजश्री आमचे इवाई अप्पाराव यांना भोकरदनहून रामरावचा आदरपूर्वक रामराम. विहीणबाई चांगुणाबाईंना नमस्कार, जावईबापूंना आणि आमच्या रजनीला आशीर्वाद. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. तुमच्या वाटूरकडे पाऊसपाणी बरं असेल. आमची कपाशी गुडघ्याएवढी झाली आहे, आणि विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? (दोन्ही गुडघे एका ठिकाणी आले ते निव्वळ अनवधानाने. गैरसमज नसावा.)

हे पत्र पेटीत न टाकता मी स्वतःच घेऊन येत आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल. कारण असं की, तुमच्यासमोर बसलो की माझं बोलणं पाऊसपाण्याच्या पुढे सरकत नाही. तीस वर्षं ग्रामसेवक होतो, भरल्या ग्रामसभेत लोकांनी माझ्यापुढे टेबल आपटलं तरी माझा आवाज हलला नाही. पण इवायापुढे, मुलीच्या सासऱ्यापुढे, तो फुटतच नाही. म्हणून सगळं लिहून आणलं आहे. तुम्ही सावकाश वाचावं. सोबत तुमचा डबा परत आणला आहे. डबा म्हणजे तुम्ही पाठवलेली ती कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची हार्डडिस्क. आमच्या घरात तिचं नाव डबाच पडलं.

लग्नानंतरची पहिली पंचमी, लेक माहेरी येणार, म्हणून आमच्या मंडळींनी (सौ. नंदाबाईंनी) महिनाभर आधीच झोक्याचा दोर धुऊन वाळत घातला होता. तेवढ्यात तुमचा निरोप आला की विहीणबाईंना उठबस होत नाही, घरात दुसरं बाईमाणूस नाही, तेव्हा यंदाची पंचमी राहू द्या. निरोपाबरोबर हा डबा. त्यात लग्नाची सगळी शूटिंग आणि फोटो, पोरीची आठवण आली की बघत जा म्हणून. एवढा विचार कोण करतो? पंचमीचं आम्ही मनाला लावून घेतलेलं नाही, हे इथेच स्पष्ट करतो.

रजनी शिकत असताना घेतलेला कॉम्प्युटर तिच्या खोलीत तसाच होता, झाकलेला. तिनं लिहून दिलेल्या कागदावरून तो सुरू करणं, बंद करणं आणि पत्ते खेळणं एवढं मला येतं. डबा लावला, शूटिंग बघितली. तीन तास दहा मिनिटांची आहे. त्यात तुमच्याकडची मंडळी पाऊण तास नाचतात, जिलेबीचा आचारी माझ्यापेक्षा जास्त वेळ दिसतो, (तक्रार नाही, जिलेबी चांगलीच झाली होती,) आणि रजनी मात्र मुंडावळ्यांच्या आड मान खाली घालून बसलेली. फक्त शेवटी, गाडीत बसताना, ती एकदा वर बघते. आमच्या मंडळी शूटिंग तिथंच थांबवायला लावतात. मग आम्ही दोघंही ते थांबलेलं चित्र बघत बसतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला, तर काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, आणि पुढे काही नाही. बंद केला, चालू केला. एकदा निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत बरंच काही रागावून लिहिलेलं. मी पंखा लावला, मागच्या सगळ्या वायरी काढून पुसून परत बसवल्या, खिडकीकडचं तोंड भिंतीकडे केलं. मंडळींनी उदबत्ती ओवाळली. काही उपयोग नाही. आता खरं सांगायचं तर, तुमचा डबा आल्यापासूनच हे सुरू झालं, असा विचार माझ्या मनात डोकावला होता. पण इवायाकडून आलेल्या वस्तूवर संशय घेणं म्हणजे घराण्यावर संशय घेतल्यासारखं, म्हणून तो विचार मी लगेच दाबून टाकला.

शेवटी जालन्याला काकासाहेबाला फोन लावला. काकासाहेब म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा, त्याचे तिथे कॉम्प्युटरचे क्लास आहेत. त्यानं विचारलं, मशीनला बाहेरून काही जोडलंय का? मी म्हणालो, इवायाकडची एक वस्तू जोडली आहे, पण तिच्यात काही खोट असणं शक्य नाही. त्यानं वस्तू कसली ते विचारून घेतलं. मग म्हणाला, “तात्या, बूटचा प्रॉब्लेम हाये. चालू करायच्या आधी काढून ठेवत जा, मंग बराबर चालतंय.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण शेतातून येतो, चिखलाच्या बुटांनी थेट त्या खोलीत जातो, एवढं नाजूक यंत्र, त्याला कसं चालेल? शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरही पोरांच्या चपलांची रांग असते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्याच दिवसापासून नियम केला. बूट, चपला, सगळं पायरीखाली. मंडळींनी खोली सारवल्यासारखी पुसून घेतली आणि डबा उचलून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला, लेक आहे त्यात, असा इकडेतिकडे पडायला नको म्हणून. रोज पाच वाजता मी अनवाणी जाऊन कॉम्प्युटर सुरू करायचा, तो सुरू झाला की मंडळी डबा घेऊन येणार, मी जोडणार. आणि काय सांगू, आठ दिवस यंत्रानं कुरकुर केली नाही! मी शेजाऱ्यांनाही सांगून आलो की कॉम्प्युटर बिघडला तर आधी पाय बघा.

नवव्या दिवशी माझा चुलतभाऊ कडूबा जाफराबादहून आला. नवे बूट, आणि त्यांची नाडी सोडायची म्हणजे त्याला खाली बसावं लागतं, म्हणून तो तसाच आत आला. मी बटण दाबलं. काळा पडदा, लुकलुकती रेघ! मी संतापलो. चार शब्द जास्तच बोलून गेलो. कडूबा म्हणाला, “बूट मी घालून राह्यलो अन् मशीन तुझी मरून राह्यली? असं कुठं असतंय का दादा?” आणि चहा न घेता गेला. अजून त्याचा फोन नाही. त्याचं मला वाईट वाटतं. त्यानंतर बूट काढूनही यंत्र रोजच बसू लागलं. (बुटांचा वास राहिला असेल, म्हणून मी फिनेलही मारलं.)

पुढच्या आठवड्यात काकासाहेब भोकरदनला कामाला आला होता, तेव्हा घरी आला आणि बुटांसकट थेट खोलीत. मी घाईनं म्हणालो, अरे, बूट! तो म्हणाला, हो तात्या, तेच बघायला आलोय. यावर आमचा बराच वेळ घोळ झाला. शेवटी उलगडा झाला तो असा की कॉम्प्युटर सुरू होण्यालाच त्यांच्यात बूट म्हणतात, आणि काढून ठेवायचा होता तो डबा. मी विचारलं, डब्यात खोट आहे का? (आवाज जरा बारीक करूनच विचारलं.) तो म्हणाला, “डबा बिलकुल चांगला हाये. पण मशीन सुरू होताना आपलं घर हुडकती. तुमची मशीन आधी डब्यातच हुडकून राह्यली. तिथं घर न्हाई, नुसतं लग्न हाये. मंग बसती तिथंच.”

हे ऐकून मंडळी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मला वाटलं, हसत असतील.

काकासाहेबानं सुरू होता होता एक बटण दाबून एक यादी काढली. त्यात बाहेरचा डबा वर होता, तो खाली सरकवला, आणि घरची डिस्क वर घेतली. आता डबा लावलेला असो वा नसो, यंत्र मुकाट्यानं सुरू होतं. शिवाय त्यानं सगळी शूटिंग कॉम्प्युटरच्या पोटातच उतरवून दिली, त्यामुळे डबा तुम्हाला परत करता येतो आहे. त्यात काहीही दोष नाही, नव्हता, आणि मी तसं कधी मानलं नाही. आता रोज पाचला रजनी दिसते, तेव्हा पंचमीची तशी काही निकडही उरलेली नाही. तुम्ही मनात काही ठेवू नये. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल ते आपलं माणूस समजून पोटात घालावं.

आपला,
रामराव

ता. क. डब्याला मंडळींनी कापडी पिशवी शिवली आहे. ती पिशवी परत करू नये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला मंडळींकडे देतो आहे, खळ स्वयंपाकघरात असते.

इवाईबुवा, नंदाबाईचा नमस्कार. चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. एवढी पानं लिहिली आणि मी लिहायला सांगितलं होतं तेवढंच यात न्हाई. इथून पुढचं विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा.

विहीणबाई, बूट म्हणजे पायातले न्हाईत, हे रजनीनं मला मागंच फोनवर सांगितलं होतं. घरात चिखल यायचा थांबला म्हणून मी बोलले न्हाई. नवव्या दिवशी डबा मीच लावून ठेवला, त्याच्या पुढंही रोज मीच. कडूबाभावजींची मी माफी मागून घेतली आहे. आठ दिवस सगळं नीट चाललं तर हे म्हणायला लागले, बघ, पोरगी रोज भेटते. ती भेटत न्हाई हो, दिसते. गाडीत बसताना वर बघते, मी हाक मारते, तिला ऐकू जात न्हाई. आता तर काकासाहेबानं पक्कंच दुरुस्त करून दिलं, मला करायला काही राहिलं न्हाई, म्हणून लिहिते.

तुमचे गुडघे दुखतात हे खरं आहे, ते मी खोटं म्हणत न्हाई. यांच्याबरोबर माझी नणंद सोनूबाई आली आहे. यांना वाटतंय ती तुमच्या तब्येतीची चौकशी करायला आली. ती पंचमी होऊन रजनी परत येईपर्यंत तुमच्या चुलीपाशी राहील, भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापते. आणि यांना वाटतंय की आपण डबा द्यायला आलोय. ते डबा द्यायला आले न्हाईत, मुराळी म्हणून आलेत, लेकीला न्यायला. मीच त्यांना सांगितलं न्हाई, न्हाईतर लाजेनं वाटूर फाट्यावरूनच परत फिरले असते. मुराळ्याला रिकामं पाठवत न्हाईत, ते तुम्हाला मी काय सांगू.

परतीची गाडी साडेतीनला आहे. रजनीला कपडे भरायला सांगा.