एलरकोल्कांचा पाचवा ठिपका

होल्टरब्रूक,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

माननीय आनेरोजे एलरकोल्क यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा तुमची तब्येत चांगली असो. तुमच्याकडे डोंगरात एव्हाना थंडी पडली असेल. आमच्याकडे अजून फक्त धुकं आहे. बटाटे निघाले, आलुबुखाराचे शेवटचे केक भाजून झाले. माझा डावा गुडघा सोडला तर तक्रार करावी असं काही नाही. माझा भाऊ हुबर्ट मार्चमध्ये गेला. सकाळी गोठ्यातून आला, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. तुम्ही त्याला पाहिलं आहे. दारात उभा राहून तुमच्याशी एक शब्दही न बोललेला उंच माणूस, तो हुबर्ट.

म्हणजे मी कोण, ते तुमच्या लक्षात आलं असेल. कदाचित पाकिटामागचं नाव वाचूनच आलं असेल. तरीही तुम्ही ते उघडलंत, याबद्दल आभार.

मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, आणि ती सव्वीस ऑक्टोबरच्या आत हवी आहे. पण ती मागण्याआधी तुम्ही मला एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आपलं आडनाव आलं कुठून, असं तुम्ही विचारलं होतं.

एलर हे पाण्याकाठी वाढणारं झाड. कोल्क म्हणजे पुरानं खोदलेला डोह. हा शब्द आमच्या बोलीतला, तुमच्या सॅक्सनीत तो नसावा. आमच्या गोठ्यामागे ओढा वळतो तिथे असा डोह आहे, त्याच्याभोवती अजून अकरा एलर उभे आहेत. त्यावरून घराला नाव पडलं, आणि घरावरून माणसांना. आमच्या भागात पूर्वी उलटं कधी होत नसे. नाव जमिनीचं असे, माणूस ते फक्त अंगावर घाली. घरात मुलगा नसला तर मुलीचा नवरा राहायला येई आणि त्या दिवसापासून त्याचं स्वतःचं आडनाव संपे. घराबाहेर पडणाऱ्यानं मात्र नाव फाटकात ठेवून जायचं. माझे आजोबा बेर्नहार्ड जन्माने टेरहोर्स्ट. १९०८ मध्ये आजीशी लग्न करून इथे आले आणि सरकारी कचेरीत अर्ज करून एलरकोल्क झाले. मरेपर्यंत ते गावातल्या कुठल्याही एलरकोल्कापेक्षा जास्त एलरकोल्क होते.

असं एकच घर. दुसरीकडे कुठेही हे नाव उगवलेलं नाही. मी चौतीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, गावाचा इतिहासही शिकवला. हे मी अगदी खात्रीनं सांगू शकते.

आता फ्राउकेबद्दल. ती हुबर्टची एकुलती एक मुलगी. मे महिन्यात तिचं लग्न आहे, येन्स नावाच्या मुलाशी. तो घरं तापवायच्या यंत्रांची दुरुस्ती करतो, आणि दिवसभर चेष्टा करतो. जुनी रीत मी त्याला सांगितली तेव्हा म्हणाला, "म्हणजे या घरात शिरायचं तर नाव बुटांसारखं दाराबाहेर काढायचं? आत्याबाई, माझे मोजे फाटके आहेत, मला बूट घालूनच येऊ द्या." फ्राउकेही हसली. ती त्याचं नाव लावणार आहे. तिच्या मुलांचंही तेच असेल. मला वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवण्याचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. तो का नाही, ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात एका दुपारी ती संगणक घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. तिथे म्हणे कोणतंही आडनाव लिहिलं की देशाच्या नकाशावर ते कुठे कुठे आहे ते दिसतं.

"बघ आत्या, श्मिट लिहिलं की सगळा देश लाल होतो. आता आपलं बघ. पाच ठिपके! गोवरसुद्धा याहून जास्त उठतो."

मी चष्मा लावला. पाचांपैकी चार आमच्याच बाजूला. हुबर्ट, अजून न खोडलेला. मी. कोसफेल्डचा चुलतभाऊ. त्याचा कोलोनमधला मुलगा. आणि लांब उजवीकडे, पूर्व सीमेवरच्या डोंगरांच्या कडेला एकटाच पाचवा.

"हा कोणाचा?" फ्राउकेनं विचारलं.

मी म्हटलं, "कोणाचा का असेना."

"कोणाचा का असेना कसं? तूच शिकवलंस ना आम्हाला, की हे नाव म्हणजे एक घर? तिसरीत फळ्यावर डोह काढला होतास तू. मग तो ठिपका आपलाच असला पाहिजे."

मी उठून कॉफीचं पाणी ठेवलं. कॉफी दोघींनाही नको होती. आठ वर्षांच्या मुलीला मी शिकवलेली गोष्ट ती एकतीस वर्षांची होऊन मला परत शिकवत होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून उभी होते.

आनेरोजे, तुम्ही १९९१ च्या जूनमध्ये आलात. बर्लिनची भिंत पडून दीड वर्ष झालं होतं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. तुमच्या अंगावर फिकट निळं जाकीट होतं आणि हातात कागदात गुंडाळलेली लाकडी बाहुली होती, मेणबत्ती धरलेला खाणकामगार. "वडिलांनी कोरलाय," तुम्ही म्हणालात. मी आभार मानले. आत येऊन तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेवर बसलात.

तुम्ही म्हणालात, "आमच्या गावात हे नाव दुसऱ्या कोणाचंच नाही हो. लोक विचारतात, तुम्ही हॉलंडचे का? शाळेत बाई हजेरी घेताना अडखळायच्या. आजोबा काही सांगायचे नाहीत. फक्त म्हणायचे, जिथे पाणी काळं असतं तिथला मी. वडील आता एकोणऐंशीचे झाले. ते म्हणाले, मरायच्या आधी एकदा विचारून ये."

"आजोबांचं नाव?" मी विचारलं. विचारायची काहीच गरज नव्हती.

"अंटोन."

हुबर्ट दारात उभा होता. तो आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही.

मग तुम्ही म्हणालात, "आम्हाला दुसरं काही नको. तुमच्याकडे म्हणे मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, घराघरातल्या गेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचतात. आजोबा इथले असतील तर त्यांचं नाव एकदा वाचलं जावं, एवढंच वडिलांच्या मनात आहे." आणि खिडकीकडे बघून, "ते गाडीत बसलेत. पाय आखडलेत त्यांचे. बोलावल्याशिवाय उतरणार नाहीत, जुन्या वळणाचे आहेत."

मी खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर तुमच्या पूर्वेकडची छोटी ट्राबांट गाडी उभी होती. खिडकीची काच अर्धी खाली. आत टोपी घातलेलं एक डोकं, समोर बघणारं. फाटकाबाहेरून गोठ्यामागचा डोह दिसत नाही.

मी तुम्हाला कॉफी दिली. गाडीत नेऊन दिली नाही. त्यांना आत बोलवा असंही म्हटलं नाही. तुम्हाला सांगितलं, "बघावं लागेल. कागद शोधून कळवते." तुम्ही कप रिकामा केलात, बशीवर सरळ ठेवलात आणि आभार मानून गेलात.

त्या रात्री हुबर्ट म्हणाला, "आज नाव विचारतायत, उद्या ओढ्याकाठचं कुरण मागतील. पेपरात रोज जुन्या मालमत्तेवरच्या दाव्यांच्या बातम्या असतात, बघतेस ना? तू शिकलेली आहेस, तुझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. तूच लिही."

मी लिहिलं. शाळेत उर्सुलिन मठाच्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या सुंदर अक्षरात. तुमच्याकडे ते पत्र असेल किंवा नसेल, मला ते पाठ आहे. 'आमच्या भागात प्रत्येक ओढ्याकाठी अशी झाडं आणि असे डोह असल्यामुळे हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झालेलं, अगदी सर्वसाधारण आहे. त्यावरून कोणतंही नातं मानता येत नाही. अंटोन नावाच्या कोणाचीही नोंद आमच्या घरात नाही.' आणि खाली सही केली, एलरकोल्क.

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून ते जास्त वाईट. नोंद नव्हतीच. पण मला माहीत होतं. मी बारा वर्षांची असताना आजीनं सांगितलं होतं. तिचा थोरला भाऊ अंटोन या घराचा वारस होता. १९०७ मध्ये तो सॅक्सनीहून रेल्वेच्या कामावर आलेल्या एका माणसाच्या मुलीच्या प्रेमात पडला. ती प्रोटेस्टंट, आमचं घर कॅथलिक. पणजोबांनी त्याला फाटकापाशी उभं करून सांगितलं, जायचं तर नाव इथे ठेवून जा. तो गेला, आणि जाताना घरातून तेवढंच घेऊन गेला. दूर डोंगरातल्या कचेरीत त्यानं ते नोंदवलं. १९४४ मध्ये तो वारल्याचं कार्ड आजीला आलं. नवऱ्याला ती म्हणाली, यादीत घालू या. आजोबा म्हणाले, फाटकाबाहेर मेलेला माणूस आपल्या यादीत कसा येईल? स्वतः फाटकाबाहेरून आलेला माणूस हे म्हणाला. आजीनं पुन्हा विचारलं नाही. दर वर्षी ती कबरस्तानाच्या भिंतीपाशी, जिथे कोणीच पुरलेलं नाही, तिथे एक मेणबत्ती लावायची. मला घेऊन जायची. काडी मी पेटवायची.

तर तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसला होतात तेव्हा मला सगळं माहीत होतं.

हुबर्टला कुरणाची भीती होती. तो शेतकरी होता, आणि आता तो नाही. त्याच्यावर ढकलणं सोपं आहे. गेले सहा महिने तसं करून पाहिलं. जमत नाही. मला कुरण नको होतं. मला काय हवं होतं, ते लिहायला लाज वाटते. म्हणूनच हवापाण्यापासून सुरुवात केली.

मी दहा वर्षांची असताना सिस्टर आडेलगुंडिस यांनी वर्गात मला उभं केलं. म्हणाल्या, "मुलींनो, हिचं नाव जगात एकाच घरात आहे." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी दिसायला साधी, अभ्यासात मधली, पुढे लग्नही झालं नाही. पण ते एक माझ्याकडे होतं. आणि मग बाजारातलं जाकीट घातलेली, माझ्या कानाला विचित्र वाटणाऱ्या बोलीत बोलणारी एक बाई आली, जिचं नाव बापाकडून मुलाकडे, कुठेही न तुटता, सरळ त्या डोहापर्यंत जात होतं. माझं अर्जावर मिळालेलं. तुम्ही पाहुण्या नव्हता. पाहिलं तर मीच होते. ते मला सहन झालं नाही. म्हणून माझ्या सगळ्यात मोलाच्या गोष्टीला मी कागदावर सर्वसाधारण म्हटलं, फक्त ती तुम्हाला मिळू नये म्हणून.

लाकडी खाणकामगार घरात ठेववेना. पुढच्या महिन्यात चर्चच्या विक्रीत देऊन टाकला. कोणी घेतला माहीत नाही. फ्राउके आणि मी गावात चार घरी विचारून आलो. मिळाला नाही.

हो, फ्राउकेला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला साधी कॉफीपण नाही, आत्या?" तुमचा पत्ता तिनंच शोधून दिला.

परवा मी यादी घेऊन पाद्र्यांकडे गेले. आता चार गावांना मिळून एक पाद्री आहेत, केरळहून आलेले फादर जोजी. आमची नावं त्यांना अवघड जातात, म्हणून ते आठवडाभर आधी घराघरातून याद्या मागवतात आणि मोठ्यानं म्हणून सराव करतात. मला म्हणाले, "जिवंत माणसाचं नाव चुकलं तर तो हसतो. मेलेल्याला हसताही येत नाही, म्हणून चुकवायचं नाही." मी त्यांना अंटोनचं नाव सर्वात वर लिहून दिलं. त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा अगदी बरोबर आलं. माझ्या माहितीप्रमाणे या गावात एकशे बारा वर्षांत आडनावासकट ते नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

त्याच्याखाली मी एक ओळ अर्धी सोडली होती. फक्त आडनाव.

"यांचं पहिलं नाव?" फादरनी विचारलं.

"माहीत नाही."

"घरातलेच ना?"

मी हो म्हटलं.

तुमचे वडील आता नसतील. असते तर एकशे सात वर्षांचे असते. ते फाटकापाशी तासभर बसून होते, तुमच्या तोंडी त्यांचा उल्लेख दहा वेळा आला, आणि त्यांचं नाव काय, हे मी विचारलं नाही.

तेवढंच मागते आहे. एका कार्डावर त्यांचं नाव लिहून पाठवा. मला दुसरं काही लिहू नका. तुम्ही माझ्याशी बोलावं, इथे यावं, असं म्हणायला मला तोंड नाही. फाटक मात्र फ्राउकेच्या ताब्यात आहे, आणि ती म्हणते की ती ते उघडं ठेवेल. यादीत नाव सव्वीस तारखेपर्यंत घालता येतं. कार्ड आलं नाही तर मी समजेन. मग फादर अंटोननंतर फक्त आडनाव वाचतील, आणि त्यासोबत कोणतं नाव म्हणायचं हे मला माहीत नसल्याचं सगळ्या गावासमोर ऐकेन.

आपली,
तुमच्या आजोबांच्या सख्ख्या बहिणीची नात,
मेख्टिल्ड