कापलेल्या केसांचा मालक

आदरणीय साडूभाऊंच्या सेवेशी, दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? तुम्ही वाकलात की सरळ करायला दोन माणसं लागतात, असं अक्कांनी हिला फोनवर सांगितलं, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. अक्कांचा गुडघा आणि धाकटीची परीक्षा यथास्थित असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे मजेत. म्हणजे मी सोडून. आणि हीसुद्धा सोडून, कारण तिने गेल्या आठवड्यापासून माझ्याशी अबोला धरलाय. पण तब्येती ठणठणीत. तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांत या गृहस्थाने कधी चार ओळी खरडल्या नाहीत, आणि आज एकदम पत्र? तर साडूभाऊ, ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण फोन तुम्ही मध्येच ठेवता.

आमच्या नगरपालिकेने कचऱ्याचा नवा नियम काढलाय. रस्त्यावर, कोपऱ्यावर, नाल्यात, दुसऱ्याच्या दारात, कुठेही काही टाकायचं नाही. ओला कचरा हिरव्या घंटागाडीत, सुका निळ्या गाडीत. पहिल्या चुकीला दंड, दुसऱ्या चुकीला दुकानाला टाळं. मी म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं! माझ्या सलूनशेजारचा कोपरा तुम्ही पाहिलाच आहे. चालत्या स्कूटरवरून पिशवी भिरकावणारे एकेक नेमबाज तिथे तयार झालेत. त्यामुळे नियम आला त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून मी तो समजावून सांगायला लागलो. (गळ्याशी वस्तरा असलेला माणूस फार मन लावून ऐकतो. हा आमच्या धंद्याचा मोठाच फायदा.)

आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा स्वतःचा कचरा म्हणजे केस. पूर्वी झाडूवाल्या बाई सगळं एकत्रच घेऊन जायच्या, कधी प्रश्न आला नाही. आता हिरव्या गाडीवरची बाई म्हणाली, केस ओले नसतात. मी तिला शांतपणे समजावलं की आम्ही फवारा मारून, भिजवूनच केस कापतो, तेव्हा माझ्याकडचे केस ओलेच. ती म्हणाली, मग वाळले की निळ्या गाडीत टाका. निळ्या गाडीवाला म्हणाला, जे अंगावर उगवतं ते सुकं कसं असेल? शेवटी दुकान बंद ठेवून नगरपालिकेत गेलो. तिथल्या कारकुनाने नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. त्यात भाजीची देठं होती, नारळाची करवंटी होती, फुटकी कपबशी होती, जुनी गादीसुद्धा होती, केस नव्हते. (नियम लिहिणारे साहेब टकले असणार. माझ्याकडे कधी आलेले नाहीत, एवढं खात्रीने सांगतो.) आमच्या धंद्यावर जुनी म्हण आहे, न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केस. पण साडूभाऊ, त्या म्हणीतल्या न्हाव्याकडे निदान उकिरडा तरी होता!

पोती भरत गेली. आधी दुकानातल्या बाकाखाली, मग माळ्यावर, मग घरी. हिने विचारलं, पोत्यात काय? मी म्हटलं, कापूस समज. तिने एका उशीत भरायला घेतला, आणि अबोल्याचं मूळ ते.

दुकानासमोरच्या भिंतीवर नगरपालिकेने मोठ्या अक्षरांत रंगवलंय, ‘कचरा ज्याचा, जबाबदारी त्याची’. एके दिवशी दाढी करता करता ती ओळ मला आरशात उलटी दिसली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हे केस माझे कुठे आहेत? माझ्या डोक्यावर उगवले का? ज्याचे त्याला द्यावेत! दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचे केस कागदाच्या पुडीत बांधून द्यायला लागलो. आणि जाहिरात तर होईल म्हणून प्रत्येक पुडीवर दुकानाचा शिक्का मारला. हात दाखवून अवलक्षण कसं करावं, हे कुणी माझ्याकडून शिकावं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. निवृत्त मास्तरांनी पुडी हातावर तोलून पाहिली आणि डोळे भरून म्हणाले, अरे, अजून इतके आहेत होय! मागच्या गल्लीतला शिंपी मात्र पुडी उघडून तावातावाने परत आला, की यात दुसऱ्या कुणाचे तरी पांढरे केस मिसळलेत. नाही म्हटलं तर भांडण, हो म्हटलं तर माझ्या कामाची बदनामी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! हळूहळू सगळेच आपापल्या पुड्या उघडून बघायला लागले आणि दुकानात दुखवट्यासारखी शांतता पसरली. माणूस आरशात स्वतःला सांभाळून बघतो हो, पुडीत सांभाळून बघता येत नाही. निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या काचेच्या पार्लरमध्ये जायला लागली, कारण तिथे केस परत देत नाहीत.

जे आले त्यांनी तरी पुड्या घरी नेल्या असतील असं तुम्हाला वाटतं? माझ्या पायरीवरून उतरायचं, चार पावलं चालायचं आणि कोपऱ्यावर पुडी टाकायची. शनिवारी सकाळी स्वच्छता निरीक्षक आले तेव्हा तिथे ढीग होता, आणि ढिगातल्या प्रत्येक पुडीवर माझा शिक्का. सगळी गल्ली गोळा झाली. मी छाती काढून म्हणालो, साहेब, शिक्का माझा, केस माझे नाहीत. एकेक पुडी द्या, मालकाचं नाव सांगतो! आणि खरोखर सांगायला लागलो. ही मेंदी लावलेली, बँकेतल्या कॅशियरची. हे कुरळे, दूधवाल्याचे. ही शिंप्याची (पांढरीच होती). गल्ली टाळ्या वाजवायला लागली. साहेब दंडाच्या पावत्या बाहेर काढायला लागले. मग मी पुढची पुडी उघडली.

केस आखूड, निम्मे पांढरे आणि निम्मे काळे. तो काळा रंग मी एकाच माणसासाठी हाताने कालवतो. तो माणूस रविवारी सकाळी, शटर निम्मं खाली ठेवून, केस कापून कलप लावून घ्यायला येतो आणि ऑफिसात सगळ्यांना सांगतो की आमच्या घराण्यात कुणाचे केस पिकत नाहीत. तो माणूस माझ्यासमोर पावतीपुस्तक उघडून उभा होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. (तुम्ही गावाबाहेरचे, म्हणून तुम्हाला सांगतो. खुर्चीत बसलेल्याचं गुपित आम्ही कुणाला सांगत नाही.) मी पुडी बंद केली आणि म्हणालो, साहेब, ही काही ओळखता येत नाही. नजर गेली माझी आता. सगळ्याच माझ्या समजा.

दंड मी भरला. गर्दी हसत हसत पांगली. साहेबांनी खाली मान घालून ती एक पुडी उचलली, खिशात घातली आणि हळूच म्हणाले, महिनाअखेरीला वरचे साहेब तपासणीला येणार आहेत. तेव्हा दुकानात पोतं दिसलं, तर मी काही करू शकणार नाही, टाळं लागेल. साडूभाऊ, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मी घाबरलो. मला या खुर्चीमागे उभं राहण्याशिवाय दुसरं काही येत नाही. त्या दुकानाला टाळं लागलं तर मी सकाळी उठून जायचं कुठे? पण तुम्ही काळजी करू नका. काहीतरी मार्ग निघेलच. काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, फक्त मन मोकळं केलं.

अक्कांना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

कात्री हातात आहे तोवर तुमचाच,
धाकटा साडू

ता. क. तुमच्या बागेत रानडुकरं शिरतात असं अक्का म्हणत होत्या. माणसाच्या केसांच्या वासाने रानडुकरं वाऱ्यालाही उभी राहत नाहीत म्हणे. झाडांना खत होतं ते वेगळंच. सहज कळवलं.

पुन्हा ता. क. हे पत्र तुमच्या हातात पडलंय, म्हणजे टेम्पो दारात उभा आहे. ड्रायव्हर भला माणूस आहे, पोती स्वतः उतरवून देईल, तुम्ही पाठीला त्रास देऊ नका. वारा असेल तर पोती आत नेऊनच उघडा.

दाजी, आता मी लिहितेय. पाकीट चिकटवायच्या आधी सगळं वाचलं. यांनी पोती किती ते मुद्दाम लिहिलेलं नाही, टेम्पोत बघालच. यात खोटं एवढंच आहे की मी अबोला धरलाय. मी रोज बोलते, हे ऐकत नाहीत. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एक जागा मी माझ्यासाठी सांगून ठेवली होती, तिथेही यांनी पोतं कोंबलं. पोती परत पाठवलीत तर त्याच टेम्पोने मी तुमच्याकडे राहायला निघते, आणि दुकानाचं काहीतरी होईपर्यंत तिथून हलणार नाही. तेव्हा पोती ठेवून घ्यायची की मला, ते अक्काला विचारून ड्रायव्हरजवळ सांगा.