सातव्या चित्राखालचा शेरा

एडिंबरा, सोमवार, ४ नोव्हेंबर १८१६. सकाळचे सव्वानऊ, लेखणीला टोक काढतो आहे.

नोकरी मिळाली! वॉटर्लूच्या लढाईनंतर डॉक्टर क्रायटन यांनी ब्रुसेल्सला आठ दिवस जखमींचे हातपाय कापले आणि त्या जखमींची चित्रंही काढली. वरच्या मजल्यावर व्याख्यानाच्या खोलीत अशी नऊ चित्रं आहेत. प्रत्येकाखाली जखम, शस्त्रक्रिया आणि शेवटी शेरा, एवढं मी सुवाच्य लिहायचं. घर सांभाळणाऱ्या मिसेस रँकिननी ओटची पेज दोनदा वाढली. म्हणाल्या, खा पोरा, वर गेलास की भूक मरेल. मेली नाही.

५ नोव्हेंबर

डॉक्टरांच्या वहीत तीन, पाच आणि सात नंबरचे शिपाई मृत आहेत. तीन आणि पाचखाली त्यांनी ‘बरा झाला’ लिहायला लावलं. मी वही पुढे केली, तर म्हणाले, तू हात चालव, डोकं मी चालवतो. सातव्याचा उजवा हात खांद्यापासून काढलेला. तिथे तूर्त कोरं ठेव म्हणाले. पण सरळ ओळीत ती रिकामी जागा फार वाईट दिसत होती. मी आपणहून तिथेही तेच लिहिलं.

९ नोव्हेंबर

आज चित्रं लोकांना खुली होती. न्यूहेवनची कोळीण कर्स्टी लायल पाठीवरच्या टोपलीसकट सातव्यासमोर थबकली. डॉक्टर चेहरे हुबेहूब काढतात. तो तिचा मुलगा. शेरा एका विद्यार्थ्याकडून वाचून घेतला आणि रडत रडत त्याच्याच पाठीत धपाटा घातला. बरा झाला म्हणे! मग मेल्याला दीड वर्षात आईचं दार सापडलं नाही? आता कुठे आहे, असं मला विचारलं. डॉक्टरांनी कॅनडा सांगायला सांगितलं. मी सांगितलं. जाताना म्हणाली, बंडी विणते त्याला. एकाच बाहीची, तेवढीच लोकर वाचली.

१२ नोव्हेंबर

तिसऱ्या चित्रातली मांडीची जखम भरली आहे. नुसता व्रण. रंग जुना, कोरडा. वरून कोणी रंगवलेलं नाही. खाली न्याहारीला बसलेल्या डॉक्टरांची मांडी आपोआप फाटली. हाड दिसलं. त्याच जागी.

१३ नोव्हेंबर

पाचव्याचं पोट सांधलं. डॉक्टर दुपारी बाराला गेले. आतडी — नाही लिहीत.

मिसेस रँकिन पेटी उचलून निघाल्या. म्हणाल्या, त्यांना बरं व्हायचंच आहे पोरा, कोणाच्या तरी अंगावर.

सातव्याखाली लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. तो शेरा माझा.

१४ नोव्हेंबर

चाकूने खरवडला. अक्षर जात नाही. माझ्या उजव्या खांद्याभोवती लाल रेघ उमटली आहे, शस्त्रक्रियेआधी खडूने आखतात तशी. कर्स्टीला निरोप धाडला — या, कॅनडा खोटं आहे. तिला खरं सांगितलं तर शेरा पुसला जाईल. पुसायलाच हवा —

१५

डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाईट, माफी.

सातव्याला हात आला आहे. बोटांना शाई. तो माझ्याकडे बघून हसतो —

चौकट रिकामी.

खाली दार वाजतं आहे. कर्स्टी हाका मारते आहे. उठतो, सांगतो, तुमचा मुलगा मे—

जिन्यावर माझ्या आधी कोणीतरी उतरतं आहे. आई, आलो, म्हणतो आहे. कडी काढतो आहे, माझ्या हाता