पाश्कने न दिलेला शब्द

श्पेल, १९ एप्रिल १९९५

प्रिय पाश्क,

थोरल्या बहिणीचे मनापासून आशीर्वाद. इटलीत इमारतींची कामं पुन्हा सुरू झाली असतील, पगारही बरा मिळत असेल. इकडे सगळं ठीक आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कोलकाकांचा गुडघा कुरकुरतोय, तोंड मात्र नेहमीसारखं चालू आहे. वरच्या कुरणावर अजून बर्फ आहे. अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. पायरीवरून पडले.

नाही पडले. काकांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने मनगट मोडलं. का, ते सांगते. पण क्रमाने सांगू दे. तुला मधेच उठून जायची खोड आहे.

मी प्रार्थना शिकवते हे तुला माहीत आहे. इतकी वर्षं सरकारने देवाचं नाव काढू दिलं नाही, आता साठीच्या बायासुद्धा माझ्यासमोर बसून प्रभूची प्रार्थना पाठ करतात. तुला लिहिलं नव्हतं ते असं, की दोन वर्षांपूर्वी माराशची बायको, दिला, माझ्याकडे आली. "त्यालाही शिकव," म्हणाली. माराशला! पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून ज्याने आपल्या भावाला, झेफला, गोळी घातली, त्याला! आपल्या माणसांच्या भीतीने तो घरात कोंडून बसला होता, खिडक्यासुद्धा दगडांनी बुजवलेल्या. वैऱ्याच्या घरात शिरून सूड घ्यायचा नाही ही रीत, म्हणून आपल्या पुरुषांना तिथे जाता येत नव्हतं. बाईला कोण अडवतं?

मी गेले. टोपलीत प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि त्याखाली कुऱ्हाड.

"मारायला आलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"मग मार. पण वर गेल्यावर झेफला तोंड कसं दाखवू, तेवढं आधी सांग."

मी कुऱ्हाड उलटी धरून त्याच्या दंडावर घातली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण दुसरा हात उचलला नाही. मग मीच फळ्या लावून तो हात बांधला. रडत होते आणि शिव्या देत होते.

त्यानंतर दोन हिवाळे मी त्याच्याकडे जात राहिले. शिकायला भारी चिवट माणूस.

"सगळ्यांना माफी?"

"असं लिहिलंय."

"मलाही?"

"लिहिलंय ना बाबा!"

"आणि तू?"

"मी वाचून दाखवते. माझं विचारलंस तर पुस्तक डोक्यात घालीन."

फादर अंतोन म्हणाले होते, ईस्टरच्या शनिवारी त्याच्या घरी येऊन बाप्तिस्मा देतो. मी म्हटलं नको, चर्चमध्येच, गावासमोर. माराशची तशी इच्छा आहे, असं सांगितलं. खरं तर माझी होती. भावाच्या मारेकऱ्याला हाताला धरून आत नेणारी द्राना सगळ्यांनी डोळे भरून बघावी, असं वाटत होतं. मिरवायचं होतं रे मला.

पण त्याने घराबाहेर पडायचं तर अभयाचा शब्द हवा, आणि तो घरच्या कर्त्याचा, म्हणजे तुझा. जानेवारीत तुला लिहिलं. मार्चमध्ये पुन्हा लिहिलं. तू गप्प. मेल्या, 'नाही' एवढं तरी लिहायचंस! शेवटी मी माराशला सांगितलं, "पाश्कचं पत्र आलं. शब्द दिलाय." काकांकडे मात्र अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी सकाळी अकराला तो बाहेर पडला, तीन वर्षांनी. ऊन सोसेना म्हणून डोळ्यांवर हात धरून चालत होता. पुलाजवळ आपला प्रेक, काकांचा मुलगा, दगडांच्या बांधामागून उठला. पहिली गोळी पोटात, दुसरी मांडीत. मी माराशवर आडवी पडले, तर प्रेकने माझे केस धरून मला ओढलं आणि तिसरी त्याच्या छातीत घातली. मग रीतीप्रमाणे त्याला उताणं केलं, त्याच्याच खांद्यावरची बंदूक त्याच्या उशाशी ठेवली आणि निघून गेला.

माराश अजून जिवंत होता. "पाश्कने शब्द दिला होता ना?"

"नाही. मी खोटं बोलले."

त्याने माझ्या दंडात नखं रुतवली. वाटलं, आता तोंडावर थुंकेल.

"मग पाश्कने शब्द मोडला नाही," तो म्हणाला. "पाणी घाल. लवकर, बये."

चर्च वीस मिनिटांवर, फादर तिथे. मरणाऱ्याला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मीच त्याला शिकवलेलं. ओढ्याचं पाणी ओंजळीत आणलं. हात रक्ताने माखलेले, पाणी त्याच्या कपाळावर लालच पडलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन म्हणायला तो उरला नव्हता, ते मी म्हटलं.

इकडे काकांनी कोकरू कापलं, प्रेक अंगणात हवेत गोळ्या झाडत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्याला मी बाहेर काढलं आणि मीच पाणी घातलं. तेव्हा मनगट मोडलं, आणि मला फाटकाबाहेर फेकलं.

मी दिलाकडे गेले. तिने आधी खाडकन थोबाडीत दिली, मग हात बांधला. "तू त्याला पाणी घातलंस, तू आता घरची," म्हणाली.

माराशचा भाऊ लुका तिथेच होता. तू शब्द देऊन मोडलास, असं तो धरून बसलाय. मी त्याला खरं सांगितलं.

"बाईचं बोलणं आम्ही धरत नाही," तो म्हणाला. "शब्द दिला नव्हता असं पाश्कने स्वतःच्या हाताने लिहावं. मग झेफच्या बदल्यात माराश, मिटलं. चाळीस दिवस थांबतो. नाहीतर इटलीचं जहाज कुठून सुटतं ते मला माहीत आहे."

म्हणून लिही, पाश्क. माझी अब्रू झाकायला 'शब्द माझाच होता' असं लिहिशील, तुला मी ओळखते. तसं लिहिलंस तर प्रेकने घराचा शब्द मोडला असं ठरेल, आणि तुलाच स्वतःच्या हाताने त्याचा जीव घ्यावा लागेल. सरळ लिही, शब्द मी दिला नाही, बहीण खोटं बोलली. पत्र चर्चच्या दारात वाचलं जाईल, वाचू दे. तशाही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बाया आता येत नाहीत. "खोटारडीचा देव आम्हाला नको," एकीने तोंडावर सांगितलं. एकटी दिला रोज दुपारी समोर येऊन बसते. मी वाचते, ती ऐकते, आमेन अजून म्हणत नाही.

या वेळी गप्प बसू नकोस, तुझ्या पाया पडते. उत्तर काकांच्या पत्त्यावर नको, माराशच्या घरी पाठव. मी आता तिथली आहे.

तू जिवंत राहावास म्हणून खोटी ठरायला तयार असलेली,
तुझी बहीण
द्राना