एल्कचे गुडघे

तीर्थरूप सुन्निवामावशीस,

एंब्रिकचा खुर्चीतूनच नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.) तुझी तब्येत, तुझं बर्गनचं ते सदा गळणारं आभाळ आणि तुमच्या वृद्धाश्रमातली पांचट कॉफी, तिन्ही पूर्वीपेक्षा बरी असतील अशी आशा करतो. तुझी सून योरुन विचारतेय की तिनं पाठवलेला क्लाउडबेरीचा मुरंबा पोचला का, आणि पोचला असेल तर बरणी परत येणार आहे की गेल्या वर्षीसारखी तिकडेच नांदणार आहे. एंब्रिकला काही हवं असलं की मावशीची आठवण होते, असं तू तिला फोनवर म्हणालीस म्हणे. मनाला लागलं हो. म्हणून आधीच सांगून टाकतो, या वेळी मला तुझ्याकडून काही म्हणजे काही नको. निव्वळ ख्यालीखुशालीचं पत्र आहे.

तर ख्याली अशी की मी तुझी बंदूक बदलून घेतली. ओरडू नकोस, शेजारची म्हातारी घाबरेल. बंदूक तीच आहे, दस्ता तोच, तुझ्या गालानं गुळगुळीत केलेला, बोल्टसुद्धा तोच, फक्त तिचं काडतूस बदललं. लढाई संपल्यावर जर्मन लोक या बंदुका टाकून घरी गेले, तेव्हा सगळ्या खोऱ्यानं आपापल्या बंदुकांना तीस-शून्य-सहा या अमेरिकन काडतुसाची नळी लावून घेतली, आणि आजोबा तेवढे अडून बसले की चालत्या वस्तूला हात लावायचा नाही. त्या हट्टापायी आपण इतकी वर्षं जर्मन काडतुसं हुडकत हिंडलो. गेल्या हिवाळ्यात तुझा साठा संपला. दुकानात मागायला गेलो तर तो पोरगेला दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी कंदिलाची वात मागितली. त्यात आमच्या कोल्बेनचा (शिकारीच्या टोळीचा म्होरक्या झाल्यापासून तो मान न वळवता अख्खा वळतो) हुकूम निघाला की यापुढे टोळीत सगळ्यांनी एकच काडतूस वापरायचं, म्हणजे अडीनडीला एकमेकांना देता येईल. तसं म्हणणं वाजवी होतं, म्हणूनच जास्त राग आला.

आता कोल्बेनला काडतुसांची कसली आली आहे काळजी. त्याचा डोळा आहे करड्या धोंड्यावर. तो आयुष्यभर ओढ्याकाठच्या डासांत बसलाय आणि आधी तू, मग मी, आपण धोंड्याला पाठ टेकून बसलोय, जिथून दर मोसमात घोड्याएवढा एल्क शिंगं सांभाळत स्वतःच्या पायांनी चालत समोर येतो. टोळीचा नियम तुला ठाऊक आहे. शिकार सुरू होण्याआधी जो नेमबाजीच्या परीक्षेत पास होत नाही त्याची जागा जाते, आणि त्याच्या हाती येतो टोळीचा रश्श्याचा डाव, म्हणजे मोसमभर स्वयंपाक. माझ्यामागे धोंडा कुणाला द्यायचा हे म्होरक्याच ठरवणार, म्हणजे म्होरक्या स्वतःलाच देणार. मावशी, मला एल्क मिळो न मिळो, पण कोल्बेनची पाठ त्या धोंड्याला टेकलेली बघायची म्हणजे मला रश्श्यात मीठ पडलं की साखर हे कळलं नसतं.

बंदूक आस्मुंडकडे दिली. तू गेलीस तेव्हा तो शिकाऊ होता, आता खोऱ्यातला एकमेव बंदूकवाला आहे, त्यामुळे त्याला घाई नसते. मी जाऊन विचारायचं, झालं का. त्यानं म्हणायचं, बघतोय. सबंध हिवाळा तो नुसता बघत होता. मग कधीतरी नवी नळी बसवली, हे काडतूस लांब म्हणून जिथून ते आत जातं तिथे थोडं घासून जागा केली, आणि जुनी नळी वर्तमानपत्रात मासळीसारखी गुंडाळून माझ्या हातात दिली. (तिच्यावर योरुननं वाटाण्याचा वेल चढवलाय. शेंगा झकास लागल्या.)

परीक्षेला गेलो ते ताठ मानेनं. समोर कागदाचा एल्क, काळजाच्या जागी गोल आखलेला, पाच गोळ्या पाचही गोलात. मी वर्षानुवर्षं घातल्यात. पोटावर पडलो, श्वास सोडला, चाप ओढला. पाचही गोळ्या एल्कच्या पायांमधून गवतात गेल्या. कोल्बेन म्हणाला, होतं असं, वयोमानानं. नळी नवी आहे, हात बसेल, असं मी धरून चाललो. तीन खेपा मिळतात, पण दुसऱ्या खेपेलाही सगळं गवतात, कागदाला साधा ओरखडा नाही. त्या संध्याकाळी कोल्बेन घरी आला, सहज आलो म्हणाला, आणि आमच्या टेबलावर डाव ठेवून गेला. योरुननं त्याला वॉफल खायला घातले, ते मी अजून विसरलेलो नाही.

मग बंदूक उचलली आणि थेट आस्मुंडच्या दारात. जे बोललो ते तुला लिहीत नाही, तू पाळण्यात मला शिकवलेलेच शब्द होते. त्यानं बंदूक घेतली. कोठारामागे गेला, पडला, पाच गोळ्या झाडल्या आणि कागद आणून दाखवला. पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली असती. म्हणाला, बंदूक ठणठणीत आहे, दुरुस्ती माणसाला लागेल. मी झाडून दाखवलं. गवत. त्यानं डोकं खाजवलं.

“एंब्रिक, तू नेम कुठे धरतोस?”

“कुठे म्हणजे? गुडघ्यावर.”

“कुणाच्या?”

“एल्कच्या, आणखी कुणाच्या! गुडघ्यावर नेम धर, काळजात लागेल. हे काय सांगायला पाहिजे?”

आस्मुंड ओंडक्यावर बसला. मला वाटलं त्याला चक्कर आली, पण तो हसत होता. मावशी, मला काय माहीत! तू मला शेजारी पालथं पाडून हेच एक वाक्य शिकवलंस. दुसऱ्या बंदुकीला मी जन्मात हात लावला नाही. मला वाटायचं अख्खं जग गुडघ्यावरच नेम धरतं, जसं घरात शिरताना सगळे बूट काढतात. मग तो आत गेला आणि डबीतून नळीच्या टोकावरची जुनी माशी घेऊन आला, तीच, जिच्यावरून नेम धरायचा. नवी नळी लावताना त्यानं तिच्या जागी नवी, पुऱ्या उंचीची बसवली होती, कारण जुनी फारच बुटकी होती.

“ही झिजलेली नाही,” तो म्हणाला. “कुणीतरी कानशीनं घासलीय. आणि हात चांगला होता.”

माशी घासली की गोळी नेमापेक्षा वर जाते, आणि पुऱ्या माशीनं जिथे नेम धरावा तिथेच, हे त्यानं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. जुनी नळी घरी वाटाण्यांत उभी होती, नाहीतर तिच्यावरच डोकं आपटून घेतलं असतं. घरी येईपर्यंत सगळा उलगडा झाला. आपल्या खोऱ्यात मीठ, घोडा आणि बंदूक कुणी मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. टोळीत बाईमाणूस तू एकटी, आणि जागा मिळाली ती सगळ्यांत चांगली. म्हणून दर मोसमात कुणी ना कुणी बाप्या यायचा, सुन्निवा, जरा तुझी बंदूक दे, तुझ्या धोंड्यावर बसतो, तू तेवढी कॉफी कर. तू हसतमुखानं द्यायचीस. आणि गोळी एल्कच्या पाठीवरून सूं करून झाडांत, जनावराला इजा नाही, बाप्याला एल्क नाही. मग ते म्हणायचे, बंदूकच अपशकुनी, बाईच्या हातालाच लागलेली. हळूहळू कुणी मागेनासं झालं. कोल्बेननं एकदा नेली होती आणि हाकेच्या अंतरावरचा एल्क घालवला होता. एल्क ऐन वेळी खाली बसला, असं तो अजून लोकांना सांगतो.

खरं सांगतो मावशी, वाटेत गाडी थांबवून मी एकटाच टाळ्या वाजवल्या. एवढा अभिमान मला तुझा कधी वाटला नव्हता. आणि लगेच संताप आला, कारण हे तू मलाही सांगितलं नाहीस. बर्गनला जाताना चमचे कुठे, लोकरी पांघरूण कुठे, सगळं सांगितलंस, आणि एवढंच राहिलं?

शेवटच्या खेपेला डोकं म्हणे काळजावर धर, आणि हात आपला निघाला गुडघ्याकडे. ओल्या जमिनीवर पडून मी स्वतःशीच झटापट करत होतो, त्यातच ही कंबर गेली. शेवटी योरुन मागे उभी राहिली. नळी खाली झुकली की तिला खोकला यायचा. पाच गोळ्यांना तिला इतका खोकला आला की परीक्षकानं डॉक्टरचं नाव सुचवलं. पण पाचही गोलात! धोंडा आपलाच राहिला, कोल्बेन डाव काखेत मारून घरी गेला, आणि मला हे कधी एकदा तुला कळवतो असं झालं. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना पत्त्यांत फार लुबाडू नकोस.

तुझा,
एंब्रिक

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. ज्यानं सगळ्यांना काडतूस बदलायला लावलं त्या कोल्बेनची स्वतःची बंदूक अजून आस्मुंडकडेच आहे. आस्मुंड बघतोय. परीक्षा कोल्बेननं जावयाच्या बंदुकीवर दिली, पण शिकारीला ती जावयाला स्वतःलाच हवी. तर काल कोल्बेन आला आणि म्हणाला, तुझी कंबर धरलीय, पहिला आठवडा तू झोप, मी तुझी बंदूक घेऊन धोंड्यावर बसतो. तिथून त्याच्या हातून एकदा का एल्क पडला, की पुढच्या वर्षी कोल्बेनला धोंड्यावरून उठवायला क्रेन लागेल. मी काय म्हणणार? रीत आहे. हो म्हटलं.

ता. क. दुसरं. ती कानस तू बरोबर नेली आहेस का? आस्मुंड नव्या माशीला हात लावायला तयार नाही, धंद्याची अब्रू म्हणतो, पण त्यानं बसवलेली माशी नंतर कुणी घासली तर आपण तिकडे बघणार नाही, एवढं बोलला. किती घासायची ते लिही. पाठीवरून स्वच्छ गेली पाहिजे. कोल्बेन आधी झाडून बघणार नाही, या बंदुकीच्या पाचही गोळ्या गोलात गेलेल्या त्यानं परीक्षेत पाहिल्यात. आणि मला त्रास काहीच नाही, माझा हात तसाही गुडघ्यावरून हलायला तयार नाही.

ता. क. तिसरं. कानस मुरंब्याच्या बरणीत घाल आणि वरून मोजे कोंब. पोस्टात कोल्बेनची सून बसते. बरणी आली की योरुनही खूश होईल, आणि मी काही हवं म्हणून पत्र लिहिलं असं कुणाला म्हणता येणार नाही.